अमेरिकेची मतपत्रिका खालून वर वाचायला घ्या

२०२४ च्या नोव्हेंबरात अॅरिझोना राज्यातल्या मॅरिकोपा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), म्हणजे फिनिक्स शहर आणि आसपासच्या भागात, मतदाराच्या हाती आलेली मतपत्रिका दोन कागदांची होती, तीही पाठपोट छापलेली. त्यात राष्ट्राध्यक्षासाठी काळा करायचा गोळा फक्त एक. उरलेल्या जागेत खासदार, आमदार, शेरीफ, काउंटीचा खजिनदार, घरांची किंमत ठरवणारा अधिकारी, शाळामंडळाचे सदस्य, न्यायाधीशांची लांबलचक यादी आणि राज्यापुरते १३ वेगवेगळे प्रस्ताव. ट्रम्प की हॅरिस हा प्रश्न दहा सेकंदांत सुटतो. खरा अभ्यास लागतो तो पुढच्या तीन पानांना, आणि तिथेच बहुतेकांचा पेन थांबतो.

आपल्याकडे लोकसभा, विधानसभा आणि जिल्हा परिषद यांची मतदानं सहसा वेगवेगळ्या वेळी होतात. प्रत्येक वेळी बटण दाबायचं ते एका-दोन पदांसाठी. अमेरिकेत यातलं बरंचसं एकाच कागदावर कोंबलेलं असतं. काउंटी, शहर, टाउनशिप, शाळा जिल्हा, पाणीपुरवठा मंडळ, अग्निशमन जिल्हा अशा स्थानिक सरकारांची संख्या देशभरात ९० हजारांहून अधिक आहे. यातल्या अनेकांना स्वतःचा कर लावण्याचा अधिकार आहे आणि अनेकांचे कारभारी निवडून येतात. या सगळ्यावर आपल्या निवडणूक आयोगासारखी एक केंद्रीय संस्था नाही. वॉशिंग्टनमधलं फेडरल इलेक्शन कमिशन फक्त प्रचाराच्या पैशाचे हिशेब बघतं. मतदार यादी, मतपत्रिका, मोजणी हे सगळं राज्याच्या कायद्यानुसार आणि प्रत्यक्षात काउंटीच्या कार्यालयातून चालतं. म्हणून ‘अमेरिकेत मतदान कसं होतं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही, तर ओरेगनमध्ये २००० पासून राष्ट्राध्यक्षाची निवडणूकसुद्धा सगळी टपालानेच होते. टेक्सासात केंद्रावर ओळखपत्र म्हणून बंदुकीचा परवाना चालतो, कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही.

शाळा आणि घरपट्टी

मतपत्रिकेच्या तळाशी शाळामंडळ असतं. वर्षाच्या शेवटी घरखर्चावर सगळ्यात जास्त फरक पाडणारी जागा हीच. देशात सुमारे १३ हजार शाळा जिल्हे आहेत. सरकारी शाळांच्या खर्चातला केंद्राचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेला भार राज्य आणि स्थानिक कर यांच्यात जवळपास निम्मा-निम्मा वाटला जातो, आणि स्थानिक कर म्हणजे मुख्यतः घरपट्टी.

घरपट्टीचा हिशेब एकदा कागदावर मांडला की मतपत्रिकेतली भाषा आपोआप कळू लागते. समजा घराची किंमत ४ लाख डॉलर. मालक स्वतः राहत असेल तर बऱ्याच राज्यांत काही रक्कम वगळतात. ती ५० हजार धरू. कर लागतो ३ लाख ५० हजारांवर. दर ‘मिल’मध्ये सांगतात: १ मिल म्हणजे दर हजार डॉलरला १ डॉलर. शाळेचे ११ मिल, काउंटीचे ५, शहराचे ३, वाचनालय आणि अग्निशमन मिळून १, असे २० मिल झाले तर वर्षाची घरपट्टी ७,००० डॉलर. आता मतपत्रिकेवर ‘नव्या शाळेच्या इमारतीसाठी १ मिल’ असा प्रस्ताव आला, तर या घरावर वर्षाला ३५० डॉलर वाढणार. प्रस्तावात मात्र पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो कर्जाचा एकूण आकडा, ८ कोटी, १२ कोटी वगैरे. तो बघून घाबरण्यात किंवा भारावण्यात अर्थ नाही. आपल्या घराच्या करपात्र किमतीला मिलने गुणायचं आणि किती वर्षं भरायचं आहे ते पाहायचं.

दोन शब्दांत फरक ठेवा. ‘बॉण्ड’ हे इमारत, छप्पर, बस अशा गोष्टींसाठी काढलेलं कर्ज. ‘लेव्ही’ म्हणजे पगार, वीज, पुस्तकं अशा चालू खर्चासाठीचा कर. बॉण्डच्या पैशातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत. त्यामुळे ‘शाळेला नवं स्टेडियम बांधायला पैसे आहेत, मग शिक्षक का काढले’ या दर वर्षीच्या भांडणाचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. ओहायोत आणखी एक गुंता आहे. तिथल्या १९७६ च्या कायद्यामुळे घरांच्या किमती वाढल्या तरी जुन्या लेव्हीतून येणारा पैसा जवळपास तेवढाच राहतो. महागाई वाढते, पैसा वाढत नाही, म्हणून शाळा पुन्हा पुन्हा मतदारांपुढे झोळी पसरतात. तिथे मतपत्रिकेवर ‘नूतनीकरण’ लिहिलं असेल तर चालू कर पुढे सुरू राहतो, ‘अतिरिक्त’ लिहिलं असेल तर बोजा वाढतो. एका शब्दाने खिशाचा हिशेब बदलतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या बहुतेक शाळा जिल्ह्यांचं अंदाजपत्रक मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी थेट मताला टाकतात. २०११ च्या कायद्याने घातलेल्या मर्यादेपेक्षा कर वाढवायचा असेल तर साधं बहुमत पुरत नाही, ६० टक्के लागतात. अंदाजपत्रक दोनदा पडलं तर शाळेला काटकसरीचं अंदाजपत्रक लावावं लागतं आणि करवसुली गेल्या वर्षाइतकीच ठेवावी लागते. मे महिन्यात राष्ट्राध्यक्षाची हवा नसते, टीव्हीवर काही नसतं, मतदान अगदी तुरळक. शंभर-दोनशे मतांवर दोन-तीन हजार मुलांच्या वाद्यवृंदाचं आणि फुटबॉल संघाचं भवितव्य ठरतं. मुद्दाम असा मुहूर्त ठेवणं लोकशाहीला धरून आहे असं मला वाटत नाही, पण तो आहे.

कॅलिफोर्नियाचं गणित वेगळं. १९७८ च्या प्रस्ताव १३ ने मूळ घरपट्टी खरेदीच्या वेळच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधली आणि त्या किमतीची वाढ वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के ठेवली. परिणाम असा की एकाच गल्लीत, एकसारख्या दोन घरांत, १९८५ साली घर घेतलेले आजोबा आणि मागच्या वर्षी आलेलं तरुण जोडपं यांच्या घरपट्टीत कित्येक पटींचा फरक असतो. शाळांच्या बॉण्डसाठी तिथे ५५ टक्के मतं लागतात.

गृहकर्ज असलेल्यांना घरपट्टी थेट दिसत नाही, कारण बँक ती मासिक हप्त्यातच घेऊन ‘एस्क्रो’ खात्यात ठेवते आणि वेळ आली की भरते. म्हणूनच ‘व्याजदर ३० वर्षांसाठी पक्का असताना हप्ता वाढला कसा’ हा प्रश्न नवीन घरमालक हमखास विचारतात. घरपट्टी ७,००० ची ७,६०० झाली तर बँक वर्षअखेरीस दोन गोष्टी एकदम करते: मागच्या वर्षीची ६०० ची तूट बारा हप्त्यांत वसूल करते, आणि पुढच्या वर्षासाठीही महिन्याला ५० डॉलर वाढवते. हप्ता ५० ऐवजी १०० ने चढतो. दुसऱ्या वर्षी तुटीचा भाग गळून पडतो. तूट एकरकमी भरून टाकली तर चढ निम्मीच राहते. घराची किंमत अव्वाच्या सव्वा लावली आहे असं वाटलं तर हरकत घेता येते. टेक्सासात त्याची सर्वसाधारण मुदत १५ मे. किंमत ठरवणारा अधिकारी वेगळा आणि दर ठरवणारी मंडळं वेगळी, हे लक्षात ठेवून भांडायचं. किमतीबद्दल शाळामंडळाकडे तक्रार करून उपयोग नाही, आणि दराबद्दल मूल्यांकन कार्यालयात ओरडूनही नाही.

न्यायाधीश, शेरीफ आणि रेल्वे न चालवणारं रेल्वे कमिशन

यादीत थोडं वर सरकलं की न्यायाधीश लागतात. केंद्राचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, पण राज्यांत बहुतेक ठिकाणी त्यांना कुठल्या ना कुठल्या रूपात मतदारांपुढे जावं लागतं. काही राज्यांत सरळ निवडणूक, काही ठिकाणी ‘या न्यायाधीशांना पदावर ठेवावं का, होय की नाही’ एवढाच प्रश्न. ही दुसरी पद्धत मिझुरीने १९४० मध्ये सुरू केली. मॅरिकोपाची मतपत्रिका लांबते ती अशा होय-नाही यादीमुळे. नावं अनोळखी, पक्षाचं चिन्ह नाही, म्हणून लोक एकतर सगळं कोरं सोडतात किंवा रागाने सगळीकडे ‘नाही’ भरतात. अॅरिझोना आणि कोलोराडोत न्यायाधीशांच्या कामाचं मूल्यमापन करणारे आयोग आहेत आणि त्यांचे अहवाल मतदानाआधी सगळ्यांना मिळतात. दहा मिनिटांत वाचून होतात. न्यायाधीशपदाला कमी लेखू नये, हे पैसेवाल्यांनी केव्हाच ओळखलंय. २०२५ च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी सुमारे १० कोटी डॉलरचा चुराडा झाला.

शेरीफ म्हणजे काउंटीचा निवडून आलेला पोलीसप्रमुख. काउंटीचा तुरुंगही बहुतेक ठिकाणी त्याच्याच ताब्यात. त्याला सहज काढू शकेल असा वरचा अधिकारी नसतो, पुढची निवडणूक हाच मुख्य उपाय. बहुतेक राज्यांत जिल्हा सरकारी वकीलही निवडून येतो आणि तोही तितकाच ताकदवान. अमेरिकेत ९० टक्क्यांहून अधिक शिक्षा खटला उभा न राहता आरोपीने गुन्हा कबूल केल्यावर होतात. म्हणजे कोणता गुन्हा लावायचा, किती सूट द्यायची, हे ठरवणारा वकीलच पुष्कळदा शिक्षा ठरवतो. मृत्यूचं कारण ठरवणारा ‘कॉरोनर’ हाही अनेक ठिकाणी निवडून येतो, आणि त्यातल्या कित्येक राज्यांत तो डॉक्टर असण्याची अट नाही. वाचून विश्वास बसत नाही, पण तसंच आहे.

राज्यस्तरावरची काही पदं नावाने फसवतात. टेक्सासचं रेल्वे कमिशन तेल, नैसर्गिक वायू आणि पाइपलाइनवर देखरेख ठेवतं. रेल्वेवरचा त्याचा उरलासुरला अधिकार २००५ मध्ये संपला, नाव मात्र राहिलं. तीन सदस्य, प्रत्येकी सहा वर्षांसाठी राज्यभरातून निवडले जातात. नाव वाचून ‘आपण कुठे रेल्वेने जातो’ म्हणत गोळा सोडून देणारे असतात, आणि तेलकंपन्यांना त्याची काही अडचण नसते. जॉर्जियात विजेचे दर मंजूर करणाऱ्या पाच जणांच्या आयोगाचंही तसंच होतं. वर्षानुवर्षं तिकडे फारसं कोणी बघत नव्हतं. घरगुती वीजबिलं चढत गेली तसा २०२५ च्या नोव्हेंबरात तोच प्रचाराचा मुद्दा झाला, आणि आयोगाच्या दोन जागा रिपब्लिकनांच्या हातून डेमोक्रॅटांकडे गेल्या. काही राज्यांत विमा आयुक्तही निवडून येतो. घर आणि गाडीच्या विम्याचा हप्ता भरणाऱ्याने हा गोळा तरी रिकामा सोडू नये.

‘होय’ म्हणजे नक्की काय

प्रस्तावांच्या भागात सगळ्यात जास्त चुका होतात, कारण ‘होय’ने काय होणार हे पहिल्या वाचनात कळतंच असं नाही. कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये गर्भपातावर मतदान झालं. तिथे ‘होय’ म्हणजे राज्यघटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढून टाकणं आणि ‘नाही’ म्हणजे ते आहे तसं ठेवणं. म्हणजे हक्काच्या बाजूने असलेल्याला ‘नाही’ म्हणायचं होतं. सुमारे ५९ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात चवदार तंबाखूवर बंदी घालणारा, आधीच मंजूर झालेला कायदा तंबाखू कंपन्यांनी सह्या गोळा करून मतदारांपुढे आणला. तिथे कायद्याला आव्हान कंपन्यांचं होतं, पण ‘होय’ म्हणजे कायदा ठेवा, बंदी चालू द्या. प्रस्ताव कोणी आणला यावरून ‘होय’चा अर्थ काढला असता तर मत नेमकं उलटं पडलं असतं.

किती टक्के लागतात हेही बघावं लागतं. फ्लोरिडात राज्यघटना बदलायला ६० टक्के हवेत. २०२४ मध्ये गर्भपाताच्या हक्काच्या प्रस्तावाला तिथे सुमारे ५७ टक्के मतं पडली आणि तो नापास झाला. साध्या बहुमताची सवय असलेल्यांना ही बातमी दुसऱ्या दिवशी समजावून सांगावी लागली.

प्रस्ताव वाचायची एक पद्धत उपयोगी पडते. आधी शीर्षक सोडून द्यायचं, ते कोणीतरी मोहक करून लिहिलेलं असतं. ‘आज कायदा काय आहे’ हे शोधायचं. मग ‘प्रस्ताव पडला तर उद्या काय बदलेल’ असं विचारायचं. उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ‘होय’ म्हणजे बदल. उत्तर ‘चालू कायदा रद्द होईल’ असेल तर ‘होय’ म्हणजे आहे ते ठेवा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन ही राज्यं प्रत्येक प्रस्तावाची माहिती, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आणि खर्चाचा अंदाज छापून घरी पाठवतात. ज्या राज्यांत असं काही येत नाही तिथे काउंटीच्या संकेतस्थळावर नमुना मतपत्रिका मिळते. ती आधी घरी भरून बघायची. ती घेऊन मतदानाला जाता येतं. फोन मात्र अनेक ठिकाणी केंद्रात वापरू देत नाहीत, म्हणून कागदच बरा.

वरचे तीन गोळे

आता मतपत्रिकेचा माथा. राष्ट्राध्यक्षाचं गणित थोडक्यात: राष्ट्राध्यक्ष निवडणारे ५३८ प्रतिनिधी (इलेक्टर), जिंकायला २७०. बहुतेक राज्यं आपले सगळे प्रतिनिधी पहिल्या आलेल्याला देतात. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं त्यातले काही लोकसभेसारख्या मतदारसंघांनुसार वाटतात. २००० मध्ये संपूर्ण निवडणूक फ्लोरिडातल्या ५३७ मतांच्या फरकावर ठरली. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य, मग ते पावणेसहा लाख वस्तीचं वायोमिंग असो की चार कोटींच्या घरातलं कॅलिफोर्निया.

प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागांबद्दल मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. यातल्या बहुतेक जागांवर नोव्हेंबरात चुरस नसतेच. मतदारसंघांच्या सीमा बऱ्याच राज्यांत आमदारच आखतात आणि त्या आपल्या पक्षाच्या सोयीने वाकवतात. हा उद्योग १८१२ पासूनचा. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात आखलेला एक मतदारसंघ सॅलमॅन्डर या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसला, म्हणून याला ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. पक्षीय फायद्यासाठी सीमा वाकवण्याचा वाद केंद्रीय न्यायालयांनी सोडवायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलं. त्यामुळे कितीतरी ठिकाणी खरी निवडणूक नोव्हेंबरात नसून आधीच्या पक्षांतर्गत प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, होते.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांचं उदाहरण यासाठी चपखल आहे. मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघात, म्हणजे डेट्रॉईट परिसरात, ऑगस्ट २०२२ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उमेदवारांची गर्दी होती. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं मिळाली आणि ते पहिले आले. नोव्हेंबरात त्यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं पडली, पण तो सोपस्कार होता. त्या भागाचा खासदार ऑगस्टमध्ये ठरला होता. ज्यांनी ‘नोव्हेंबरात बघू’ म्हटलं त्यांनी पक्वान्न संपल्यावर पंगतीला बसायची तयारी केली.

प्रायमरीला जाण्याआधी राज्याचा नियम बघावा. न्यूयॉर्क, पेनसिल्वेनिया, फ्लोरिडात प्रायमरी बंद असते: नोंदणीच्या वेळी पक्ष लिहिला असेल तरच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत. ‘अपक्ष’ असं ऐटीत नोंदवणाऱ्यांना त्या दिवशी पक्षांच्या उमेदवारांसाठी मतपत्रिका मिळत नाही, आणि पक्ष बदलायची मुदत आधीच संपलेली असते. मिशिगनमध्ये पक्षाची नोंदणीच नाही, पण प्रायमरीच्या कागदावर दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि एकाच रकान्यात राहायचं असतं. दोन्हींत गोळे भरले तर पक्षांचा तो सगळा भाग बाद.

यादीत नाव

१९९३ च्या कायद्याने बहुतेक राज्यांत वाहन परवान्याच्या कार्यालयातच मतदार नोंदणी विचारली जाते. सोय चांगली, पण ग्रीनकार्डवर असलेल्यांसाठी इथे मोठा खड्डा आहे. कारकून घाईत असतो, स्क्रीनवर प्रश्न येतो, माणूस ‘होय’ दाबतो. नागरिक नसताना नागरिक असल्याचा दावा करणं हे १९९६ च्या कायद्याने देशाबाहेर काढण्याचं कारण ठरतं. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली का’ हा प्रश्न स्पष्ट विचारतात आणि जुनं रेकॉर्ड बाहेर येतं. तिथे ‘चुकून झालं’ हे उत्तर सहजी पुरत नाही. असं झालं असेल तर अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकील गाठावा.

नागरिक झाल्यावर उलटी चूक होते. परवान्याच्या कार्यालयात जुनी, नागरिक नसल्याची नोंद तशीच राहते. २०१९ च्या जानेवारीत टेक्सासने अशा नोंदी जुळवून सुमारे ९५ हजार मतदारांवर संशय घेतला, आणि काही दिवसांतच त्यातले हजारो जण रीतसर नागरिक झालेले असल्याचं उघड झालं. म्हणून शपथविधीनंतर पासपोर्टच्या अर्जाबरोबरच परवाना आणि सोशल सिक्युरिटीची नोंदही बदलून घ्यावी. घर बदललं तर मतदार नोंदणी बदलायची. पत्त्याची खातरजमा करणाऱ्या कार्डाला उत्तर दिलं नाही आणि लागोपाठ दोन केंद्रीय निवडणुकांत मत दिलं नाही, तर कायद्याने नाव काढता येतं.

मुलांकडे येऊन नागरिक झालेल्या आईवडिलांची एक अडचण असते: इंग्रजी मतपत्रिका वाचता येत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या आणि २० वर्षं ग्रीनकार्डवर असलेल्या, किंवा पंचावन्न ओलांडलेल्या आणि १५ वर्षं असलेल्या अर्जदाराला नागरिकत्वाची परीक्षा स्वतःच्या भाषेत देता येते, त्यामुळे हा प्रश्न खरोखरच येतो. मतदान हक्क कायद्यानुसार वाचता न येणाऱ्या मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेता येतो. तो त्यांचा मालक किंवा त्यांच्या कामगार संघटनेचा प्रतिनिधी नसला म्हणजे झालं. मुलगी आत आली तर कोणी अडवू नये. अडवलं तर केंद्रप्रमुखाला बोलवायला सांगावं.

गोळा भरताना

टपालाने मत देताना बाद होण्याची कारणं ठरलेली आहेत. लिफाफा उशिरा पोचतो. लिफाफ्यावर सही राहून जाते, किंवा नवराबायकोचे लिफाफे अदलाबदल होतात. सही जुळत नाही, कारण तुलना बऱ्याचदा परवान्याच्या वेळी इलेक्ट्रॉनिक पाटीवर ओरबाडलेल्या सहीशी होते. पेनसिल्वेनियात आत आणखी एक गोपनीयता लिफाफा असतो. तो न वापरता कागद थेट बाहेरच्या लिफाफ्यात टाकला तर मत मोजत नाहीत. काही राज्यांत निवडणुकीच्या दिवसाचा टपाली शिक्का चालतो, काहींत त्या दिवशी ठरलेल्या वेळेपर्यंत पाकीट कार्यालयात पोचलंच पाहिजे. शेवटच्या आठवड्यात टपालपेटीऐवजी काउंटीच्या पेटीत टाकलेलं बरं. बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावर पाकीट कुठवर आलं ते दिसतं आणि सहीची चूक असेल तर अनेक राज्यांत काही दिवसांत ती दुरुस्त करता येते. पण त्यासाठी आलेला फोन किंवा पत्र बघायला हवं.

मतपत्रिकेवर सगळं भरायची सक्ती नाही. एखादं पद कोरं ठेवलं तर बाकीची मतं मोजली जातात. मिशिगनसारख्या मोजक्या राज्यांत एकच गोळा भरून पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता येतं, पण पक्षाविना लढवली जाणारी पदं आणि प्रस्ताव त्यात येत नाहीत. एक गोळा भरून घरी जाणारा माणूस शाळामंडळ, न्यायाधीश आणि करवाढ असं सगळं मागे सोडून जातो. एका पदासाठी ठरल्यापेक्षा जास्त गोळे भरले तर त्या पदापुरतं मत बाद. चुकलं तर खाडाखोड करू नये, केंद्रावर कागद परत देऊन नवीन मागावा, तो मिळतो. यादीत नाव सापडलं नाही तर ‘प्रोव्हिजनल’ मतपत्रिका (पात्रता तपासून मग मोजली जाणारी) मागायची, हा २००२ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. नंतर ओळखपत्र दाखवायला बोलावलं तर मुदतीत जायला हवं.

खाडाखोडीने काय होतं हे २०१७ मध्ये व्हर्जिनियाच्या ९४ व्या विधानसभा मतदारसंघात दिसलं. फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने जिंकल्या: ११,६०८ विरुद्ध ११,६०७. दुसऱ्या दिवशी एक वादग्रस्त कागद न्यायालयापुढे आला. त्यावर दोन्ही उमेदवारांचे गोळे भरलेले होते आणि सायमंड्स यांच्या गोळ्यावर एक तिरकी रेघ मारलेली होती. तीन न्यायाधीशांनी ते मत रिपब्लिकन डेव्हिड यान्सी यांना दिलं आणि बरोबरी झाली. ४ जानेवारी २०१८ ला फोटोच्या फिल्मच्या दोन डब्यांत दोन नावं घालून चिनी मातीच्या भांड्यात टाकली आणि एक डबी उचलली. नाव यान्सींचं निघालं, आणि सभागृहाचं बहुमत ५१ विरुद्ध ४९ असं रिपब्लिकनांकडे राहिलं. २०१९ च्या निवडणुकीत त्याच मतदारसंघातून सायमंड्स निवडून आल्या.